किडकी वर, चांगली खाली

भाजीवाल्यांची एक लबाडी सगळ्यांना माहीत असते. चांगला माल वर मांडायचा, किडका खाली दडवायचा. मी उलटं केलं. पुनावळ्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर मी किडकी वांगी वर मांडायचो आणि चांगली त्यांच्या खाली. गिऱ्हाईक वरचं भोक बघून खूश व्हायचं आणि खालची तुळतुळीत वांगी पिशवीत भरून घरी न्यायचं. अख्खा एक हंगाम मी हे केलं आणि त्याबद्दल कुणाशी धड बोललो नाही. तसाही मी फार बोलणारा माणूस नाही. कंपनीतलं माझं कामच न बोलण्याचं आहे.

चाकणला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे ओतीव भाग येतात, ते दिव्याखाली फिरवून बघायचे. ओतताना हवा अडकली की धातूत बारीक भोक राहतं. भोक दिसलं की भाग लाल पेटीत टाकायचा. कुणाला विचारायचं नाही, कुणाला समजवायचं नाही. म्हणजे आठवडाभर मी भोकं पडलेला माल फेकत होतो आणि रविवारी भोकं पडलेला माल निवडून, पुसून, हौसेनं मांडत होतो. दोन्ही कामं एकाच हातांनी. आता जेवायला बसलो की मला त्या हातांचीच किळस येते.

आमचं गाव चाकणच्या पलीकडं. जी काही जमीन उरली आहे ती माझा थोरला भाऊ, दादा, कसतो. एका बाजूला कारखान्याची भिंत, भिंतीला लागून वांग्याचा प्लॉट. मी राहतो थेरगावात. दर रविवारी पहाटे गावी जायचं, व्हॅनमध्ये क्रेट भरायचे आणि पुनावळ्यात आणून विकायचे, ही कल्पना माझी. दादाला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. म्हणजे खोटं बोलता येत नाही. म्हणून पिकवणार तो आणि विकणार मी, असं ठरलं.

गेटवर फळ्याचा एक तुकडा टेकवून ठेवला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘गावरान’. तेवढा शब्द पुरायचा. गाड्या थांबायच्या.

त्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही म्हणायचो. बाई प्रेमळ. उन्हात उभा दिसलो की वरून वॉचमनच्या हाती चहा पाठवायच्या. सोसायटीच्या ग्रुपवर काय खावं आणि काय खाऊ नये हे त्याच ठरवायच्या. एका रविवारी त्या टोपलीपाशी आल्या आणि एक वांगं उचलून उजेडात धरलं, मी कंपनीत धरतो तसंच.

"काय हो भाऊ, हे एवढं चकचकीत कसं?"

"ताजं आहे मॅडम. पहाटे तोडलंय."

त्यांनी ते मधोमध मोडलं. विकत घ्यायच्या आधीच. आतला गर अंगठ्यानं चाचपला.

"किडा नाही."

मी हसलो. मला वाटलं, कौतुक करतायत.

त्यांनी दुसरं मोडलं. तिसरं मोडलं. "एकातही नाही?"

"नाही निघायचा मॅडम. निवडून आणतो."

"मग हे बीटी आहे," त्या म्हणाल्या.

मागं रांगेत कुजबूज झाली. एक बाई पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "बघा, मी ग्रुपवर टाकलं होतं ना! वांग्यात जंतूचं काहीतरी घालतात म्हणे. किडा खातो आणि फुटतो."

"फुटतो?"

"आतून."

"आई गं. आणि आपण खाल्लं की?"

"आपण मोठे आहोत. आपण हळूहळू."

कुणी हसलं नाही. मॅडम माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माझी लेक बाळंतपणाला आलीय. बाकी काही असू दे, तिच्या पोटात बीटी जायला नको."

बीटी वांग्याला आपल्याकडं परवानगीच नाही, बाजारात यायच्या आधीच ते थांबवलं, हे मला ठाऊक होतं. वांग्यात किडा का नाही, हेही ठाऊक होतं. दादा पाठीवर पंप घेऊन औषध मारत होता, म्हणून नव्हता. गावाकडं आम्ही त्याला औषधच म्हणतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती दोन वाक्यं बोलली असती, तर खडूनं लिहिलेलं पुसावं लागलं असतं.

"गावरान आहे मॅडम," मी म्हणालो.

"मग किडा कुठंय?"

वर्गातलं एखादं पोर हजेरीला दिसलं नाही तर विचारावं, तसं त्यांनी विचारलं. त्या दिवशी वांग्यांना कुणी हात लावला नाही. सगळे क्रेट मी परत आणले.

सोमवारी कॅन्टीनला हे मी एका सहकाऱ्याला सांगितलं. जालन्याकडचा माणूस, आमच्या शेजारच्या लाइनवर असतो. त्याला हसू आवरेना.

"आरं राव, आमच्याकडं कापूस म्हणजे बीटीच. माझा बाप कधीपासून लावतोय."

"पण तो कापूस. खायचा प्रश्न नाही."

"कोण म्हणतं नाही? सरकीचं तेल काढतात, पेंड गुरांना घालतात. तुझ्या हातातल्या भज्याचं तेल कशाचं, विचार त्या आचाऱ्याला."

माझा हात थांबला. तो पाहून त्याला आणखीच चेव आला.

"खा भावा, खा. आजवर नाही मेलास तर आज काय मरतोस! तुझ्या मॅडमना सांग, बीटी वांगं मिळत नाही, बीटी फरसाण चालेल का?" मग पाण्याचा घोट घेऊन तो सहज म्हणाला, "किडा पाहिजे ना त्यांना? दे की किडा. आयएसआयचा शिक्का समज."

तो चेष्टा करत होता. मी मात्र संध्याकाळपर्यंत तेवढ्याच वाक्यावर विचार केला.

पुढच्या रविवारी गावी गेलो तो थेट बांधावर. तोडणीत किडकं निघालेलं वांगं दादा बांधाच्या पलीकडं फेकायचा. तिथं ढीग होता. वांग्यातली अळी ज्यानं जवळून बघितली नाही त्याला सांगतो. वरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं. भोकाच्या तोंडाशी ओलसर तपकिरी भुसा. मोडलं की आत बोगदा, बोगदाभर तिची घाण, आणि त्या घाणीत लोळणारी गुलाबी, फुगीर, आंधळी अळी. वास कुबट. त्या ढिगात गुडघ्यावर बसून मी बरी दिसणारी किडकी वांगी निवडत होतो. भुसा पुसायचा की ठेवायचा यावर विचार करत होतो. थोडा ठेवला.

दादा मागं येऊन उभा राहिला. "काय करतोय रं?"

"न्यायचीयत. विकायला."

"किडकी?"

"लोकांना किडकी पाहिजेत दादा."

त्यानं माझ्या हातातलं वांगं बघितलं. "तुजी सोसायटी मानसांचीच हाय ना?"

वहिनी पाटीत वांगी भरत होत्या. त्यांना पदराआड हसू आलं. "आवं, शिकलेली मानसं हायेत, त्यास्नी चालत आसंल. माझ्या भाजीत अळी निगाली तवा सासूबाईंनी ताट फेकून मारलं व्हतं. म्हंजी मी तवाच पुनावळ्याला जायाला पायजे व्हतं."

दादा हसला नाही. त्याला वांग्याचा अभिमान होता. देठाला हिरवी टवटवी, अंगावर जांभळी झाक, कुठं डाग नाही, असं वांगं तो तळहातावर घेऊन दाखवायचा. "चांगला माल हाय तर किडका कशाला दावायचा?" एवढंच म्हणाला आणि पाण्याची बारी बघायला गेला.

त्या रविवारी मॅडमनी पहिलंच वांगं मोडलं आणि अळी बाहेर आली. त्यांच्या तळहातावर वळवळली. मला वाटलं, त्या किंचाळतील. त्या किंचाळल्याच, पण आनंदानं.

"जिवंत आहे!"

फोटो निघाला. ग्रुपवर गेला. लिफ्टनं माणसं खाली आली. एका आईनं अळी वांग्याच्या सालीवर घेऊन आपल्या मुलीच्या नाकापाशी नेली. "बघ बाळा, नॅचरल." मुलगी तोंड फिरवून रडायला लागली. तिथं शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

"किड्याला कळतं हो," मॅडम सगळ्यांना सांगत होत्या. "जिथं विष तिथं किडा जात नाही." आणि मी मान डोलवत होतो. वाक्य खोटं नव्हतं. त्या टोपलीत वर एक जग होतं आणि खाली दुसरं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

कारण किडकं वांगं घरी कुणीच नेलं नाही. हे मला त्या दिवशी कळलं आणि मग हंगामभर बघितलं. भोकवालं वांगं हातात घ्यायचं, आतला भुसा बघायचा, समाधानानं मान हलवायची, ते परत जागेवर ठेवायचं आणि खालून बिनडागी वांगी उचलायची. एकजात सगळे. डॉक्टर होते, आयटीतले होते, बँकेतले होते. कुणाला आपण काय करतोय ते दिसलं नाही. किंवा दिसलं असेल, माझ्यासारखंच. दुपारपर्यंत तीच किडकी वांगी हाताळून हाताळून मऊ व्हायची, काळी पडायची आणि त्यांच्यातली अळी कधी टोपलीत, कधी माझ्या बाहीवर यायची. मी ती चिमटीत धरून परत वांग्याला लावायचो. हेही केलं मी.

बीटी चांगलं की वाईट, हे मला ठरवता येत नाही. त्यावर भांडणारी मोठी माणसं आहेत. मला एवढंच सांगता येतं की त्या गेटवर हा शब्द आम्हा दोघांच्याही सोयीचा झाला. त्यांना भ्यायला एक नाव मिळालं आणि मला लपायला आडोसा. ‘बीटी नाही ना?’ ‘नाही.’ झालं. हे उत्तर खरं होतं. त्यापुढं कुणी काही विचारलं नाही. औषध कोणतं, कधी मारलं, तोडणी कधी केली, हे अख्ख्या हंगामात एका माणसानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते आता छातीला हात लावून सांगवत नाही.

लवकरच किडकी वांगी कमी पडू लागली. दादा नीट फवारायचा, त्यामुळं ढिगात काही उरेना. मी त्याला म्हणालो, कडेच्या दोन ओळींना औषध मारू नकोस.

"का?"

"तेवढी किडकी लागतात."

"म्हंजी मी मुद्दाम कीड पाळू?"

त्यानं पाळली. माझा शब्द तो मोडत नाही, मी शिकलेला म्हणून. झालं असं की त्या दोन ओळींत अळीची पैदास झाली. अळ्यांचे पतंग होऊन बाकीच्या प्लॉटवर बसायला लागले. शेंडे माना टाकायला लागले. जिथं पहिल्यांदा अधूनमधून पंप चालायचा, तिथं तो आता सारखा चालू लागला. एका औषधानं भागेना म्हणून दोन मिसळली जाऊ लागली. बिनविषारी दिसण्यासाठी राखलेल्या दोन ओळींपायी बाकीचा सगळा प्लॉट विषात न्हाऊ लागला. आणि हे सगळं पाठीवर घेऊन चालणारा माणूस दादा, नाकाला जुना टॉवेल बांधून. त्याचे डोळे लाल राहायचे. जेवताना मधूनच उठून चूळ भरून यायचा.

"आंघोळ करून बी ह्यांच्या अंगाचा वास जात न्हाई भावजी," एकदा वहिनी म्हणाल्या. "गोधडीला बी त्योच वास."

दादा म्हणाला, "तुज्या त्या दोन ओळी उपटून टाकतो."

"चंपाषष्ठीपर्यंत थांब," मी म्हणालो.

आमच्या घरात खंडोबा आहे. चातुर्मासात वांगं बंद होतं ते चंपाषष्ठीला सुटतं. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा देवाला दाखवायचा, तळी भरायची, मग पहिला घास. दादा हे काटेकोर पाळतो. एवढे महिने तो वांगी लावतो, तोडतो, निवडतो, पण तोंडात घालत नाही. मी थेरगावात गेल्यापासून सगळं खातो, ते तो बघून न बघितल्यासारखं करतो.

सोसायटीत सातारा, सोलापूर, मराठवाड्याकडची बरीच घरं आहेत. त्यांनी क्लब हाउसमध्ये चंपाषष्ठी करायचं ठरवलं. पुढाकार मॅडमचा. मला म्हणाल्या, "भरीत तुमच्याच वांग्यांचं. आणि तुमच्या दादांना घेऊन या, शेतकऱ्याचा सत्कार करायचाय. शेतात तोडतानाचा एखादा फोटोही पाठवा, पडद्यावर लावू." मी हो म्हणालो.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी अळीनं जोर केला आणि दादानं अख्खा प्लॉट फवारला. दुसऱ्या दिवशी मी तोडणीचं विचारलं तर त्यानं मान हलवली.

"ही न्हाई तोडायची आत्ताच. औषध उतरू दे."

"उद्या कार्यक्रम आहे दादा."

"मग दुसरीकडनं आन."

"त्यांना आपलीच पाहिजेत."

"देवाच्या ताटात ह्ये घालायचं न्हाई." त्यानं आवाज चढवला नाही. "बाजारात बी मी ह्ये नेलं नसतं."

"बरं, दुसरीकडनं आणतो," मी म्हणालो.

मग तो चाकणला बाजाराला गेला. मी वहिनींना म्हणालो, दादाशी बोललोय, तोडा. थेरगावच्या मंडईतली वांगी आणता आली असती. तीही काही निर्मळ नसतात, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मॅडमना मला फोटो पाठवायचा होता. आमच्या शेतातला, आमच्या वांग्यांचा. पडद्यावर तो दिसावा असं मला वाटत होतं.

वहिनी तोडत असताना मी फोटो काढला. त्यांनी पदर सारखा केला, हसल्या. मग बोटं नाकाशी नेली. "हाताला लई वास येतोय भावजी."

"धुवून टाका वहिनी," मी म्हणालो.

क्लब हाउसच्या मागं निखाऱ्यावर वांगी भाजत होती. साल तडकल्याचा तो वास इतका खमंग होता की मला बरं वाटू लागलं. साल तर निघतेच, असं मी स्वतःशी म्हणालो. दादा पांढरी टोपी घालून आला होता. आत येताना त्यानं बूट काढले, सगळ्यांचे बूट पायात असताना. वांगी मी दुसरीकडून आणली, असंच तो धरून चालला होता. तळी भरली, येळकोट झाला, भंडारा उधळला. मग मॅडम माइकपाशी गेल्या.

"आज आपण जे भरीत खाणार आहोत, त्यात ना बीटी आहे, ना विष. ते आहे आपल्या या दादांच्या कष्टाचं."

पडद्यावर फोटो आला. "कालच्या तोडणीचा," मॅडम म्हणाल्या. वहिनी, पदर सारखा करताना. मागं प्लॉटला लागलेली कारखान्याची भिंत. पुढ्यात पाटी.

टाळ्या वाजल्या. दादानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. मॅडम म्हणाल्या, बोला ना दादा दोन शब्द. तो माइकपाशी गेला.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला आणि उतरला. लोकांना तेही आवडलं. पुन्हा टाळ्या.

पानं वाढली. मॅडमनी पहिलं ताट आपल्या लेकीला दिलं. दिवस भरत आलेले, ती बिचारी खुर्चीत अवघडून बसली होती. दादा दोन माणसं ओलांडून तिच्यापाशी गेला. मी त्याच्या मागं धावलो. तो वाकला.

"ताई, तुमी नका खाऊ ह्ये."

तिनं वर बघितलं. "का हो दादा?"

आजूबाजूचे दोनचार चेहरे वळले. दादाचे ओठ हलले, पण शब्द निघेना, कारण पुढचा शब्द मला बुडवणारा होता आणि मी त्याचा भाऊ होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं मला बोलायला जागा करून दिली होती. त्यानं हवं ते सगळं केलं होतं, फक्त वाक्य माझं होतं.

मी हसलो. म्हणालो, "दादाचं म्हणणं, गरम आहे. निवू द्या जरा."

सगळे हसले. केवढी काळजी, असं कुणीतरी म्हणालं. तिनं भरतावर फुंकर घातली आणि रोडग्याचा तुकडा मोडून पहिला घास खाल्ला.

दादानं ताट घेतलं, पण भरताला हात लावला नाही. कुणाला दिसू नये म्हणून त्यावर रोडगा झाकून ठेवला.

व्हॅननं मी त्याला परत सोडलं. गावात उतरताना त्यानं शाल घडी करून सीटवर ठेवली.

"ही तुजी," तो म्हणाला. "आन माजा उपास सुटला न्हाई. तुज्या तोंडानं त्यास्नी सांगशील तवा सुटंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं प्लॉट उपटला. दोन ओळीच नव्हे, सगळा. परसातलं एक झाड तेवढं ठेवलं. वहिनी मला चहा द्यायच्या, पण फोटोच्या दिवसानंतर माझ्यासमोर हसल्या नाहीत. मी पुनावळ्याला जायचं बंद केलं. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं.

मग मॅडमचा मेसेज आला. नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. खाली लिहिलं होतं, ‘तुमच्या गावरान भाजीची कृपा.’ मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मोरीत जाऊन ओकलो.

तरी उन्हाळा लागेपर्यंत मी गेलो नाही. गावी जायचो, दादा जेवायचा, त्याच्या ताटात वांगं नसायचं. विषय कुणी काढायचं नाही. परसातल्या झाडावर वांगी पिकून पिवळी पडायची आणि गळायची. एक दिवस ती गळलेली वांगी बघितली आणि तिथूनच पुनावळ्याला निघालो.

मॅडमनी चहा ठेवला. लेक बाळाला घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मी कप हातात न घेता सगळं सांगितलं. किडकी वर ठेवत होतो ते. दोन ओळींचं. फवारणीचं आणि दुसऱ्याच दिवशी केलेल्या तोडणीचं. दादा काय सांगायला आला होता ते. एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता या मला हाकलतील. मला ते हवं होतं.

"म्हणजे औषध मारलेलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"सगळेच मारतात म्हणा थोडंफार. धुतलं की जातं." मग त्या पुढं झुकल्या, आवाज खाली आणला. "पण बीटी नव्हतं ना?"

मी पुन्हा दुसऱ्या दिवशीच्या तोडणीचं सांगायला लागलो.

"भाऊ, खरं सांगा. बीटी नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी श्वास सोडला, छातीवर हात ठेवला. "मग ठीक आहे. मी केवढी घाबरले हो! चहा घ्या, निवतोय." त्या बिस्किटं आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

लेक दारातच होती. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "ते मला सांगत होते. तुम्ही म्हणालात, गरम आहे."

मी मान खाली घातली. तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, बाळ झोपलं होतं म्हणून.

तिथून परत गावी आलो. दादा ओसरीवर होता. मी न विचारताच म्हणालो, "सांगून आलो."

"काय म्हनाल्या बाई?"

मी जसंच्या तसं सांगितलं. बीटी नव्हतं ना, तेही. त्यानं तोंडातली सुपारी बाजूला थुंकली.

"म्हंजी त्यास्नी ऐकूच गेलं न्हाई."

"नाही."

"आन ती पोरगी?"

तेही सांगितलं. दार लावलं ते सांगितलं. त्यानं परसाकडं बघितलं. मग आत हाक मारली, "आगं, झाडाचं वांगं काढ. भाज."

वहिनींनी दोन वांगी काढली. एक किडकं होतं. त्यांनी किडलेला भाग विळीवर कापून कोंबड्यांना टाकला आणि उरलेलं चुलीत सारलं. दोन ताटं झाली. दादानं देव्हाऱ्याकडं हात जोडले, भरताचा घास घेतला, डोळे मिटून चावला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली मी बघितली.

माझ्या ताटातल्या भरतातून वाफ येत नव्हती. मी भाकरी मोडली, भरतापर्यंत नेली आणि हात तिथंच राहिला. मला त्यात ती गुलाबी अळी दिसत होती, वहिनींची नाकाशी नेलेली बोटं दिसत होती, फुंकर घालणारे ओठ दिसत होते.

"खा की," दादा म्हणाला.

"निवू दे," मी म्हणालो. "गरम आहे."